पाऊस पडला की बेसमेंटमध्ये रॉकेलचा वास: न्यू जर्सीतल्या जुन्या घरांखालची तेलटाकी

लक्षण बहुतेक घरांत सारखंच असतं. दोन दिवस सलग जोराचा पाऊस झाला, किंवा मार्चमध्ये साठलेलं बर्फ वितळलं, की बेसमेंटमध्ये रॉकेलसारखा वास येतो. जमीन सुकली की तो आपोआप कमी होतो. पुढच्या पावसात परत. मधल्या काळात कोणी भिंतींना वॉटरप्रूफ रंग लावून घेतं, कोणी डीह्युमिडिफायर आणतं, कोणी घर गरम करणारी फर्नेस तपासून घेतं; आणि पाऊस लांबला की आपल्याच उपायाला गुण आला असं वाटतं.

मिडलसेक्स काउंटीत आम्ही २०१८ मध्ये १९५८ सालचं घर घेतलं आणि जवळजवळ तीन वर्षं हेच केलं. फर्नेस गॅसवरची, शेगडी गॅसची. या घराचा तेलाशी काही संबंध असेल हे मनातही आलं नाही. २०१९ च्या पावसाळी ऑक्टोबरात आई-बाबा राहायला आले. बाबा पहिल्यांदाच बेसमेंटच्या पायऱ्या उतरत होते, अर्ध्यावर थांबले आणि म्हणाले, "इथं रॉकेल सांडलंय का रे?"

"नाही बाबा, ओल आहे. तिचा वास येतो."

"ओलीचा वास मला कळतो. हा रेशनच्या डब्याचा वास आहे."

ज्यांच्या घरी वातीचा स्टो होता, ज्यांनी रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहून रॉकेल आणलंय, त्यांनी आपल्या नाकावर विश्वास ठेवावा. इथल्या घरांत जळणारं 'नंबर दोन' तेल म्हणजे डिझेलचा सख्खा भाऊ, आणि त्याचा वास रॉकेल आणि डिझेल यांच्या मधला. रोज त्या घरात राहणाऱ्याला तो काही दिवसांनी जाणवेनासा होतो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर बाहेरून आलेल्या एखाद्या माणसाला खाली नेऊन विचारा.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. वास सडलेल्या अंड्यासारखा असेल तर हा लेख बाजूला ठेवा. तो गॅसगळतीचा असू शकतो. दिव्याचं बटण दाबू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि लांब जाऊन गॅस कंपनीला किंवा ९११ ला फोन करा.

वास पावसाचं वेळापत्रक का पाळतो

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन साधारण साडेआठशे ग्रॅम. जमिनीत मुरलेलं तेल भूजलाच्या डोक्यावर तरंगत राहतं. उन्हाळ्यात भूजल खाली गेलेलं असतं, तेव्हा ते तेलही खाली असतं, आणि बेसमेंटची फरशी आणि ते यांच्यामध्ये मातीचा थर असतो. सलग पाऊस झाला की भूजल चढतं आणि तेलाला घेऊन वर येतं, थेट पायाच्या भिंतीपर्यंत, कधी फरशीच्या खालच्या खडीपर्यंत. काँक्रीटच्या भेगांतून आणि संप पिटमधून, म्हणजे झिरपलेलं पाणी जमवून पंपानं बाहेर टाकायच्या फरशीतल्या खड्ड्यातून, वाफ घरात शिरते. पाणी उतरलं की वास उतरतो. तेल मात्र तिथेच असतं.

त्यामुळे वास पावसाबरोबर येत-जात असेल तर त्याचं मूळ बहुधा घरातल्या वस्तूत नाही, जमिनीत आहे. भिंतीला रंग लावून फक्त वाफेची वाट बदलते. आम्ही पूर्वेकडची भिंत रंगवली तर वास फरशीच्या कडेनं यायला लागला.

आता गॅसच्या घरात तेल आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या भट्ट्या गेल्या आणि ईशान्य अमेरिकेतली लाखो घरं तेलावर गरम होऊ लागली. टाकी अंगणात पुरायची, वर हिरवळ लावायची. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाचे भाव भडकले आणि जिथे गॅसची लाइन पोहोचली तिथली घरं हळूहळू गॅसवर गेली. फर्नेस बदलली, टाकी जमिनीतच राहिली. पुष्कळदा अर्धी भरलेली. तेव्हा ती काढण्याचं बंधन कोणाला वाटत नव्हतं. त्यानंतर घर तीन-चारदा विकलं गेलं की ती टाकी कोणाच्याच लक्षात राहत नाही. एडिसन, पिस्कटवे, वुडब्रिज, ब्रिजवॉटर या भागांत आपली माणसं जी पन्नास-साठच्या दशकातली घरं घेतात, त्यातल्या कित्येकांचा इतिहास हाच आहे.

साध्या पोलादी टाकीला दोन्ही बाजूंनी गंज चढतो. बाहेरून ओल्या मातीचा, आणि आतून तळाशी साठलेल्या पाण्याचा. रात्रंदिवसाच्या तापमानफरकानं टाकीत दव धरतं, ते पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तिथूनच पोलाद खात जातं. म्हणून भोकं बहुधा पोटाखाली असतात, वरून टाकी धडधाकट दिसते.

आधी घरातच पाहा

कोणालाही पैसे देण्याआधी टॉर्च घेऊन बेसमेंटच्या चारही भिंती बघा. पायाच्या भिंतीतून किंवा फरशीतून बाहेर आलेल्या बोटापेक्षा बारीक दोन तांब्याच्या नळ्या शोधा. टोकं चेपून किंवा वाकवून बंद केलेली असतात. एक तेल आत आणणारी, दुसरी उरलेलं परत नेणारी. नळ्या कापलेल्या असतील तर भिंतीवर दोन लहान सिमेंटचे ठिपके दिसतील. आमच्याकडे वॉशिंग मशीनच्या मागे होते, आणि ज्या होम इन्स्पेक्टरनं घर पाहिलं होतं त्याच्या अहवालात त्यांचा उल्लेख नव्हता.

मग बाहेर या. भिंतीला लागून जमिनीतून वर आलेला, अळंबीसारखी टोपी घातलेला सव्वा-दीड इंची लोखंडी पाइप म्हणजे व्हेंट. तेल भरताना टाकीतली हवा यातून बाहेर पडते. हिरवळीत किंवा फुलझाडांत जमिनीच्या पातळीत बसवलेलं दोन इंची झाकण असेल तर ते भरण्याचं तोंड. दोन्ही असतील तर खाली टाकी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नसतील तरी टाकी नाही असं होत नाही. अंगण नीट करताना कोणीतरी पाइप जमिनीखाली कापून टाकलेले असतात.

संप पिट असेल तर पाऊस थांबल्यावर त्यात उजेड टाका. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर एक काडी घेऊन तो मोडा. तुकडे काचेसारखे वेगळे होऊन तसेच राहिले तर तो बहुधा लोह खाणाऱ्या जीवाणूंचा थर असतो, तो निरुपद्रवी. तवंग काडीभोवतून वाहत पुन्हा एक झाला तर ते तेल. तेल दिसलं तर पंप लगेच बंद करा, कारण तो ते पाणी रस्त्याच्या गटारात आणि तिथून ओढ्यात सोडत असतो.

कागदांचाही शोध घ्या. टाउनशिपकडे ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे ज्याला इथे सगळे 'ओप्रा' म्हणतात त्याखाली, आपल्या पत्त्याची सगळी जुनी बांधकाम परमिटं मागा. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखंच, अर्ज ऑनलाइन जातो. तेलावरून गॅसवर गेल्याचं परमिट सापडलं आणि टाकी काढल्याचं सापडलं नाही, तर टाकी अजून खाली आहे असंच धरून चाला. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या डेटामायनर या साइटवरही पत्ता घालून बघा, पूर्वी गळती नोंदली गेली असेल तर तिथे दिसते.

टाकी नक्की कुठे आहे

यासाठी टँक स्वीप करणारे, म्हणजे यंत्रानं अंगण तपासून पुरलेली टाकी शोधणारे लोक येतात. काही शे डॉलर घेतात. ते मेटल डिटेक्टर आणि जमिनीत लहरी सोडून प्रतिध्वनी वाचणारं जीपीआर अशी दोन्ही यंत्रं वापरतात का, हे आधी विचारा. नुसत्या मेटल डिटेक्टरला गाडलेला जुना नळ, कुंपणाचा खांब आणि टाकी यातला फरक नीट कळत नाही. सळया घातलेल्या काँक्रीटखाली, डेकखाली किंवा नंतर वाढवलेल्या खोलीखाली दोन्ही यंत्रं अडखळतात. म्हणून अहवालात 'इथे तपासता आलं नाही' असं लिहिलेली जागा असेल तर ती मोकळी समजू नका. आमची टाकी मागच्या पॅटिओच्या फरसबंदीला अगदी लागून निघाली, निम्मी पायरीखाली.

अंगणातली टाकी बहुधा ५५० किंवा १,००० गॅलनची असते. ५५० गॅलन म्हणजे सुमारे २,०८० लिटर. चार फूट व्यास, सहा फूट लांबी. हजारची तेवढ्याच व्यासाची, पण जवळपास अकरा फूट लांब.

भरण्याचं तोंड सापडलं तर कंत्राटदार त्यातून काठी घालून खोली मोजतो. काठीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली असते, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. तळाशी बोटभर पाणी दव धरूनही येतं. पण पावसाआधी आणि पावसानंतर मोजलेली पातळी वेगळी आली तर टाकी बहुधा गळते आहे. बाहेरचं पाणी भोकातून आत येत असेल तर आतलं तेलही बाहेर जाऊ शकतं.

इथे दोन मोह होतात. पहिला, तेल उपसून रिकामी टाकी तशीच ठेवायची, 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून. ५५० गॅलनची रिकामी टाकी सुमारे २,१०० किलो पाणी बाजूला सारते आणि तिचं स्वतःचं वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. भूजल चढलं की ती जमिनीतून वर उसळू शकते. उपसली तर लगेच काढा. दुसरा मोह, टाकीत वाळू किंवा फोम भरून ती जागीच बंद करण्याचा. टाकी घराच्या पायाखाली असेल आणि काढताना भिंत खचण्याची भीती असेल तर इंजिनियरच्या सल्ल्यानं ते करावं लागतं. एरवी करू नये. पुढे घर विकायला काढलं की खरेदीदाराचा वकील हीच टाकी काढायला लावतो, आणि वाळू भरलेली टाकी काढायला दुप्पट कष्ट पडतात.

काढायचा दिवस

हे काम स्वतः करण्याचा विचारही करू नका, कितीही हौशी असाल तरी. टाकीच्या आत ऑक्सिजन कमी आणि वाफा जास्त असतात. अशा बंद जागांत उतरून माणसं गुदमरून मेली आहेत, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही मेल्याची उदाहरणं आहेत. कापताना ठिणगीची भीती वेगळी.

खोदण्याआधी ८११ ला फोन करावा लागतो. न्यू जर्सीत त्यासाठी कामाचे तीन पूर्ण दिवस आधी कळवायचं असतं. तो फोन कंत्राटदार करतो, पण केलाय का हे विचारा. मग लोक येऊन जमिनीखाली कुठे काय गेलंय त्याच्या हिरवळीवर रंगाच्या खुणा करून जातात: लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची, नारिंगी फोन-केबलची, हिरवी सांडपाण्याची. त्या खुणांचे फोटो काढून ठेवा.

टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयातून परमिट घ्यायचं असतं. ते कंत्राटदाराच्या नावावर निघू द्या, पण त्याची प्रत आपल्या हातात असल्याशिवाय यंत्र अंगणात येऊ देऊ नका. परमिटविना काढलेली टाकी म्हणजे पुढे कागदावर न काढलेली टाकी.

त्या दिवशी घरी थांबा. रजा घ्या. आमच्याकडे सकाळी आठला छोटा एक्सकॅव्हेटर आला. वरची माती काढून टाकीची पाठ उघडी केली, वाफ मोजली, वरून एक चौकोन कापला. व्हॅक्यूम ट्रकनं तेल आणि पाणी ओढलं. तळाचा गाळ मात्र हातानं काढावा लागतो. चिखलासारखा काळा, दाट. माणूस आत वाकून तो खरडतो, मग आतली बाजू पुसून कोरडी करतो. हे पुसणं झालं नाही तर टाकी उचलताना उरलेलं तेल खड्ड्यात सांडतं आणि गळकी नसलेली टाकीही माती खराब करून जाते. स्वच्छ झाली की पट्टा लावून उचलतात आणि बाजूला ठेवतात.

इथून पुढचा तास सगळ्यात महत्त्वाचा. टाकी उलटी करून तिचं पोट खरवडून बघायला सांगा. गंजाचा पापुद्रा भोकाला झाकून ठेवतो, हातोडीनं हलकं ठोकलं की तो पडतो. आमच्या टाकीला सात भोकं निघाली, सगळ्यात मोठं मटाराच्या दाण्याएवढं. मध्य न्यू जर्सीची माती तांबडी, कोकणातल्या कातळाची आठवण करून देणारी. तेल लागलेल्या भागात ती राखाडी-काळपट झालेली होती आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहिल्यावर तोच वास आला, बेसमेंटमधला. बाबा तोवर परत साताऱ्याला गेले होते. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर खड्डा दाखवला. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

टाउनशिपचा इन्स्पेक्टर येऊन उघडा खड्डा आणि टाकी बघेपर्यंत माती परत ढकलू देऊ नका. आणि टाकी गळकी दिसो वा न दिसो, खड्डा बुजवण्याआधी मातीचे नमुने घ्या. प्रयोगशाळा त्यात ईपीएच तपासते, म्हणजे जमिनीत उरलेले तेलाचे घटक. कोणी सांगेल की टाकी धड आहे, नमुन्यांचे पैसे वाचवा. वाचवू नका. इन्स्पेक्टर डोळ्यांनी बघतो, आणि चार वर्षांनी घर घेणाऱ्याचा वकील त्याच्या डोळ्यांवर समाधान मानत नाही. तेव्हा पुन्हा अंगणात ड्रिल लावून नमुने घेण्याला कितीतरी जास्त खर्च येतो.

गळकी निघाली तर

गळती दिसली की राज्याच्या पर्यावरण विभागाच्या हॉटलाइनला लगेच कळवायचं असतं: १-८७७-९२७-६३३७. तिथून एक केस नंबर मिळतो. हा फोन करायला लोक घाबरतात, घरावर डाग लागेल म्हणून. मला ती भीती समजते, आमच्याही घरात त्या संध्याकाळी जेवण कोणाच्या घशाखाली उतरलं नाही. पण तेलगळतीबद्दलच्या १९७६ च्या स्पिल अ‍ॅक्टखाली जबाबदारी टाळता येत नाही आणि लपवलेली गळती घर विकताना दसपट महाग होऊन समोर येते. केस नंबर ही प्रकरण मिटवण्याकडे जाणारी पहिली पायरी आहे. घरगुती तेलटाक्यांसाठी विभागाचा वेगळा कार्यक्रम आहे, आणि काम पूर्ण झालं की आता पुढे काही करायची गरज नाही असं सांगणारं 'नो फर्दर अ‍ॅक्शन' पत्र मिळतं. हे पत्र मिळवणं हाच सगळ्या खटाटोपाचा उद्देश.

इथून कंत्राटदारापेक्षा तपासणाऱ्याचं महत्त्व वाढतं. राज्याचं प्रमाणपत्र असलेला सबसर्फेस इव्हॅल्युएटर, म्हणजे जमिनीखालची तपासणी करणारा माणूस घ्या, आणि शक्य असेल तर माती उपसणाऱ्या कंपनीचा नसलेला घ्या. जितके ट्रक माती जाईल तितका ज्याचा फायदा, त्यानंच किती माती काढायची हे ठरवू नये. आम्ही हे केलं आणि उपसण्याची हद्द नमुन्यांवरून ठरली, अंदाजावरून नाही. खराब माती काढली, चारही बाजूंच्या भिंतींचे आणि तळाचे नमुने पुन्हा घेतले, मग बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीनं भरलं.

खर्चाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. धड टाकी काढायला काही हजार डॉलर. माती खराब असेल तर दहा-वीस हजारांच्या पुढे. भूजलात तेल उतरलं, शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं, घराला टेकू देऊन खोदावं लागलं, तर आकडा लाखाच्या दिशेनं जातो. होम इन्शुरन्समध्ये प्रदूषण बहुधा वगळलेलं असतं, पण एवढ्यावर सोडू नका. भूजल किंवा शेजारची जमीन बाधित असेल तर काही पॉलिसींतून, विशेषतः गळती सुरू झाली त्या काळातल्या जुन्या पॉलिसींतून, मदत मिळू शकते. माती परत भरण्याआधी या विषयातल्या वकिलाला एकदा कागद दाखवा.

बेसमेंट तोवर असं सांभाळा: खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेनं, संप पिटला झाकण. कोणाची झोपायची खोली खाली असेल तर वर हलवा. आजूबाजूला सार्वजनिक पाणी नसून विहीर असेल, जसं हंटर्डन किंवा ससेक्स काउंटीत पुष्कळांकडे असतं, तर प्यायचं पाणी लगेच तपासून घ्या आणि निकाल येईपर्यंत बाटलीचं पाणी प्या.

टाकी गेली, वास राहिला

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. आमची टाकी २०२१ च्या वसंतात निघाली, नमुने चांगले आले. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस झाला. बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी आलं. आणि तिसऱ्या दिवशी तोच वास. फिका, पण तोच.

माझी पहिली समजूत अशी झाली की माती नीट काढली नाही. इव्हॅल्युएटरनं येऊन वेगळीच गोष्ट केली. त्यानं वास कुठे सर्वात तीव्र आहे ते गुडघ्यावर बसून शोधलं. टाकीच्या बाजूची भिंत नाही, बेसमेंटचा मध्य, जिथे पूर्वी तेलाचा बॉयलर होता. टाकी काढताना कंत्राटदारानं तांब्याच्या नळ्या भिंतीच्या बाहेर कापून चेपल्या होत्या. आतल्या बाजूला त्या फरशीखालून पंधरा फूट तशाच गेलेल्या होत्या, पोटात जुनं तेल घेऊन. काँक्रीटमध्ये गाडलेलं तांबं वर्षानुवर्षांच्या ओलीनं झिजतं. मॅसॅच्युसेट्सनं २०११ पासून तेल वापरणाऱ्या घरांना अशा नळीला संरक्षक आवरण किंवा सुरक्षा व्हॉल्व्ह सक्तीचा केला, तो याच दुखण्यामुळे.

फरशीचा पट्टा फोडला, नळ्यांतलं उरलेलं तेल काढून घेतलं, नळ्या उपटल्या, खालच्या मातीचे नमुने घेतले. बादलीभर माती खराब निघाली. नो फर्दर अ‍ॅक्शन पत्र तोवर आलेलं नव्हतं, म्हणून हे सगळं त्याच केसमध्ये जोडता आलं. टाकी काढण्याच्या करारात 'घरातल्या नळ्या पूर्ण लांबी काढणे किंवा तेल काढून, धुऊन सील करणे' ही ओळ आधीच घालून घ्या. आमच्या करारात ती नव्हती.

टाकी काढूनही वास येणाऱ्या दुसऱ्या घरांत मला कळलेली कारणं अशी. एक, दुसरी टाकी: घर वाढवलं तेव्हा ५५० ची लहान पडली, शेजारी हजारची पुरली आणि जुनी तशीच राहिली. म्हणून स्वीप सगळ्या अंगणाचा करा, पहिली सापडली की थांबू नका. दोन, वाळू भरून जागीच बंद केलेली टाकी, जिच्यातला तळाचा गाळ कधी काढलाच नव्हता. तीन, ट्रकनं तेल भरताना वर्षानुवर्षं तोंडापाशी सांडलेलं तेल. इथे टाकी धड असते पण झाकणाभोवतीची माती खराब असते, आणि नमुने फक्त टाकीच्या तळाखालून घेतल्यामुळे ते सुटतं.

बेसमेंटमध्येच टाकी असेल तर

काही घरांत टाकी पुरलेली नसते, बेसमेंटच्या कोपऱ्यात पायांवर उभी असते, २७५ गॅलनची, लंबगोल. ती काढणं सोपं. उपसायची, कापायची, पायऱ्यांवरून वर न्यायची. पण भिंतीतून बाहेर जाणारा भरण्याचा पाइप कधीही मागे ठेवू नका. टाकी गेली, पाइप राहिला, आणि तेल कंपनीचा ट्रक पत्ता चुकून आला, की चालक त्या तोंडाला होस लावतो आणि शेकडो गॅलन तेल थेट बेसमेंटच्या फरशीवर ओततो. हे एकदा नाही, अनेक घरांत झालंय. नुसतं झाकण घट्ट करून भागत नाही. भरण्याचा आणि व्हेंटचा, दोन्ही पाइप भिंतीतून काढा आणि भोकं सिमेंटनं भरा. तुमच्या घराच्या आधीच्या मालकानं टाकी काढली असेल तर आज संध्याकाळीच बाहेर जाऊन ती भिंत बघून या.

कागद

घर घेत असाल तर स्वीप क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या आधी, तपासणीच्या मुदतीत करा आणि टाकी सापडली तर काय, हे करारात लिहून घ्या. घरातल्या माहीत असलेल्या त्रुटी विक्रेता ज्यात सांगतो त्या डिस्क्लोजर फॉर्ममध्ये भूमिगत टाकीचा प्रश्न असतो. 'माहीत नाही' या उत्तराला 'नाही' समजू नका. सापडलीच तर काढणं, नमुने आणि नो फर्दर अ‍ॅक्शन पत्र हे सगळं विक्रेत्यानं क्लोजिंगआधी करून द्यावं असा आग्रह धरा. रिअल्टर घाई करेल, व्याजदराची भीती घालेल. तरी थांबा.

घर तुमचंच असेल तर एका फाइलमध्ये हे ठेवा: परमिट आणि त्यावरचा इन्स्पेक्टरचा मंजुरीचा कागद, तेल आणि गाळ कुठे गेला त्याचं मॅनिफेस्ट, टाकी भंगारात दिल्याची पावती, मातीचे नमुने कुठून घेतले त्याचा नकाशा, प्रयोगशाळेचे अहवाल, केस नंबर आणि शेवटचं पत्र. नकाशावर घराच्या कोपऱ्यापासून मोजलेली अंतरं असू द्या, 'पॅटिओजवळ' असं लिहिलेलं नको. पॅटिओ उद्या काढला जाईल. स्कॅन करून एक प्रत वकिलाकडे आणि एक भारतातल्या घरच्या कोणाकडे तरी पाठवा.

पुढचा मोठा पाऊस झाला की तिसऱ्या दिवशी खाली जा, दार लावून पाच मिनिटं थांबा, आणि वास आला तर तारीख, वेळ आणि कोणत्या कोपऱ्यात आला ते लिहा. आमच्या फरशीखालच्या नळ्या अशाच एका नोंदीमुळे सापडल्या.